वॅट शेवटी वाचा
बेस गिटारचा अ‍ॅम्प आणि स्पीकरची पेटी यांची जोडी कशी जमवायची

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडच्या मोठ्या गावांत एकाच संध्याकाळी दोन-दोन वराती निघतात. दोन्ही गाड्यांवर बेंजो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड असतो आणि खालून ताल धरणारा बेस असतो. एका गाडीवरच्या अ‍ॅम्पवर ५०० वॅट असं ठळक लिहिलेलं असतं, पण त्याचा बेस दहा पावलांवर विरून जातो. दुसऱ्याचा अ‍ॅम्प २०० वॅटचाच, तरी गल्लीच्या टोकाला उभ्या माणसाला तो छातीत जाणवतो. हेच कोडं ऑर्केस्ट्रात, भीमगीतांच्या कार्यक्रमात, चर्चमधल्या गायनात आणि जळगावच्या विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवासाठी तालीम करणाऱ्या मुलांपुढेही येतं. पैसे जास्त मोजले, वॅट जास्त घेतले, मग बेस कुठे गेला?

याचं उत्तर एकट्या अ‍ॅम्पमध्ये नाही आणि एकट्या पेटीतही नाही. ते दोघांच्या जोडीत आहे. ही जोडी कशी चालते हे नीट समजलं, तर कमी खर्चात चांगला बेस मिळतो आणि भर कार्यक्रमात मशीन बंद पडण्याची नामुष्की टळते.

एवढ्या खालच्या सुरासाठी एवढी मेहनत का लागते?

बेस गिटारला चार तारा असतात: ई, ए, डी आणि जी. मोकळ्या तारा छेडल्या की त्या सेकंदाला अनुक्रमे ४१, ५५, ७३ आणि ९८ वेळा कंप पावतात. सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या या मोजमापाला हर्ट्झ म्हणतात. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे बेसची जाड तार तिच्याहून बरोबर एक सप्तक खाली. पाच तारांच्या बेसवर आणखी खालची बी तार असते, ती ३१ हर्ट्झपर्यंत उतरते.

सूर खाली गेला की स्पीकरचं काम किती वाढतं, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. स्पीकरचा कागदी कोन पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच ठेवायचा, तर कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. दोन सप्तकं खाली गेलं तर सोळापट. म्हणून लीड गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये बेस जोडला की आवाज आधी फाटतो आणि मग स्पीकरच फाटतो. त्या स्पीकरचा कोन तेवढा हलण्यासाठी बनवलेलाच नसतो.

या अडचणीचा इतिहास बेस गिटारइतकाच जुना आहे. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला आणि पाठोपाठ १९५२ मध्ये त्याच्यासाठी ‘बेसमन’ हा वेगळा अ‍ॅम्प काढावा लागला. त्यात १५ इंची एकच स्पीकर होता. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. बर्मन यांच्या काळातली हिंदी गाणी गावोगावच्या ऑर्केस्ट्रांनी उचलली, तसा बेस खानदेशातल्या मंचावरही आवश्यक होऊन बसला.

मोटर, पाइप आणि ओहम

जोडी जमवताना पहिला आकडा पाहायचा तो ओहमचा. पेटीच्या मागे जॅकशेजारी तो ८ ओहम किंवा ४ ओहम असा छापलेला असतो. खानदेशात घरोघरी ठिबक सिंचन माहीत आहे, म्हणून हा हिशेब केळीच्या बागेतच समजून घेऊ.

विहिरीवरची मोटर म्हणजे अ‍ॅम्प. ती पाण्याला जो दाब देते तो म्हणजे व्होल्ट. पाइपमधून वाहणारं पाणी म्हणजे विजेचा प्रवाह, अर्थात अँपिअर. पाइप जितका अरुंद तितका पाण्याला अडथळा जास्त, आणि विजेला होणारा असा अडथळा म्हणजे ओहम. ओहम जास्त असतील तर वीज कमी वाहते, कमी असतील तर जास्त वाहते.

आता आकडे घालून पाहू. अ‍ॅम्प ४० व्होल्ट देतो असं धरा. त्याला ८ ओहमची पेटी जोडली तर ५ अँपिअर वीज वाहते आणि २०० वॅट शक्ती मिळते. पेटी ४ ओहमची असेल तर १० अँपिअर आणि ४०० वॅट. २ ओहमची असेल तर कागदावर २० अँपिअर आणि ८०० वॅट. कागदावर यासाठी, की बहुतेक अ‍ॅम्पना एवढी वीज पुरवता येत नाही.

बागेत एक व्हॉल्व्ह चालू असताना दुसराही उघडला की मोटरवरचा लोड वाढतो. सगळेच व्हॉल्व्ह एकदम उघडले तर मोटर तापते आणि स्टार्टर पडतो. पेट्यांचंही तसंच. एका पेटीच्या मागच्या जॅकमधून दुसरी पेटी जोडली की दोन्ही समांतर जोडल्या जातात, म्हणजे विजेला दोन वाटा मिळतात. म्हणून ८ ओहमच्या दोन पेट्या जोडल्या की ओहमची बेरीज १६ होत नाही, उलट ते निम्मे म्हणजे ४ होतात. ४ ओहमच्या दोन पेट्या जोडल्या तर २ राहतात. एक ८ आणि एक ४ असेल तर साधारण २.७ ओहम राहतात आणि ४ ओहमच्या पेटीकडे दुप्पट शक्ती जाते.

अ‍ॅम्पच्या मागे ‘कमीत कमी ४ ओहम’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ यावरून कळतो. त्याच्या खाली उतरलात तर अ‍ॅम्प तापेल, संरक्षण यंत्रणा असेल तर बंद पडेल, नसेल तर आतले ट्रान्झिस्टर उडतील. वर गेलात, म्हणजे ४ ओहम चालणाऱ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला ८ ओहमची पेटी लावली, तर धोका नाही, फक्त शक्ती निम्म्याच्या आसपास मिळते. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पचा नियम मात्र वेगळा. त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि ४, ८, १६ अशी वेगवेगळी जोडणी दिलेली असते. पेटीचे ओहम आणि जोडणी जुळलीच पाहिजे, आणि पेटी न जोडता तो अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही.

म्हणूनच पुढे कधीतरी दुसरी पेटी घेण्याचा विचार असेल, तर पहिली पेटी ८ ओहमची घ्यावी. पहिलीच ४ ओहमची घेतली की बहुतेक अ‍ॅम्पवर दुसरीला जागा उरत नाही.

जुन्या पेटीवरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर मल्टिमीटर कामी येतो. पेटी अ‍ॅम्पपासून सोडवून तिच्या दोन टोकांवर मीटर लावला की ८ ओहमची पेटी साधारण ६ दाखवते आणि ४ ओहमची साधारण ३. मीटर फक्त कोन हलवणाऱ्या कॉईलच्या तारेचा अडथळा मोजतो, वाजताना होणारा एकूण अडथळा त्याहून जास्त असतो, म्हणून हा फरक दिसतो. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर कॉईल जळालेली किंवा तार सुटलेली आहे.

वॅट म्हणजे आवाज नव्हे

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. वॅट हे विजेचं माप आहे, आवाजाचं नाही. स्पीकरला दिलेल्या विजेतला अगदी थोडा भाग आवाज होतो, बाकीची सगळी उष्णता होऊन कॉईल तापवते. किती भाग आवाज होतो हे पेटीपेटीवर अवलंबून असतं, आणि ते सांगणारा आकडा म्हणजे संवेदनशीलता. पेटीला १ वॅट दिला आणि १ मीटरवर आवाज मोजला तर तो किती डेसिबल भरतो, हे तो आकडा सांगतो.

समजा पहिल्या गाडीवरची पेटी ९२ डेसिबलची आहे. अशी पेटी विजेतला साधारण १ टक्का आवाजात बदलते. ५०० वॅटमधून ५ वॅट आवाज झाला. दुसऱ्या गाडीवरची पेटी ९९ डेसिबलची आहे. ती साधारण ५ टक्के वीज आवाजात बदलते. २०० वॅटमधून १० वॅट आवाज झाला. लहान मशीनवाल्याचा आवाज दुप्पट शक्तीचा निघाला आणि कोडं सुटलं.

डेसिबलचा हिशेबही लक्षात ठेवावा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो ‘थोडा वाढला’ एवढाच वाटतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट वॅट. २०० वॅटचा अ‍ॅम्प विकून ४०० वॅटचा घेणाऱ्याच्या हाती म्हणूनच निराशा येते. त्याच पैशांत त्याने जास्त संवेदनशील पेटी घेतली असती, किंवा पहिल्यासारखीच दुसरी पेटी जोडली असती, तर फरक स्पष्ट कळला असता. दुसऱ्या पेटीमुळे अ‍ॅम्पची शक्तीही जास्त मिळते आणि हवा ढकलणारा कोनही दुप्पट होतो.

वॅट वाचताना त्यांच्यापुढची अक्षरंही वाचावीत. ‘आरएमएस’ म्हणजे सतत देता येणारी शक्ती. हाच आकडा खरा धरायचा. ‘पीक’ म्हणजे क्षणभराची उसळी. ‘पीएमपीओ’ या नावाने छापलेल्या हजारोंच्या आकड्याला कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही, तो सोडून द्यावा.

पेटीचं गणित

स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची हवा ताणली जाते. पेटी नसेल तर पुढची हवा वळसा घालून मागे जाते आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. ४१ हर्ट्झच्या सुराची लाट ८ मीटरहून लांब असते, त्यामुळे हा वळसा तिला सहज जमतो. पेटी आधी हेच थांबवते.

पेट्यांचे मुख्य प्रकार दोन. बंद पेटीत आतली हवा कोनाला मागून आधार देते, आवाज घट्ट येतो आणि खालचे सूर हळूहळू कमी होत जातात. पोर्ट असलेल्या पेटीला गोल किंवा चौकोनी भोक असतं. त्याची लांबी-रुंदी मोजून ठरवलेली असते, त्यामुळे एका ठरावीक खालच्या सुराला पोर्टमधली हवाही आवाज करते आणि त्या भागात बेस भरदार होतो. पण त्या सुराच्याही खाली गेलं की कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो बेताल हलू लागतो. बेस छेडताना हाताची थाप लागून येणारी खोल धडधड याच भागात असते. म्हणून अ‍ॅम्पवर ३०-४० हर्ट्झखालचं सगळं कापणारा फिल्टर असेल तर तो पोर्टवाल्या पेटीचं आयुष्य वाढवतो.

पोर्ट किती लांबीचं आणि पेटी किती मोठी, हे एकेकाळी अंदाजाने ठरत असे. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात त्याचं गणित बसवून दिलं. आज स्पीकरच्या माहितीपत्रकात जे आकडे येतात, ते त्या दोघांच्या नावाने ओळखले जातात. गावातल्या सुताराकडून पेटी बनवून घेताना हे माहितीपत्रक जवळ हवं. दुसऱ्याची पेटी पाहून मापं उचलली आणि आत वेगळा स्पीकर बसवला, तर बेस बिघडतो.

पेटीविषयी एक नियम मात्र कुणालाच मोडता आलेला नाही. लहान आकार, खोल बेस आणि जास्त संवेदनशीलता या तिन्हींपैकी दोनच मिळतात. लहानशी पेटी खोल बेस देत असेल तर ती वॅट खाते. लहान आणि जोरदार असेल तर तिचा बेस वरवरचा असतो. तिन्ही मिळतील असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

स्पीकर १० इंची घ्यावेत की १५ इंची, यावर वादकांत नेहमी वाद होतो. त्यात कोनाचं एकूण क्षेत्रफळ पाहावं. १५ इंची एका स्पीकरचं क्षेत्रफळ १० इंची दोन स्पीकरांपेक्षा जास्त, पण चारांपेक्षा बरंच कमी असतं. १५ इंची म्हणजे खोल आणि १० इंची म्हणजे उथळ, असा सरसकट नियम नाही. सूर किती खाली जाईल ते स्पीकर आणि पेटी मिळून ठरवतात.

जगभर नावाजलेल्या एका जोडीत हे सगळं दिसतं. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये ‘एसव्हीटी’ हा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणला. त्याच्या पेटीत १० इंची आठ स्पीकर होते. एका पेटीला ती शक्ती झेपणार नाही म्हणून कंपनीने अशा दोन पेट्या सोबत दिल्या. त्या घराण्यातल्या पुढच्या पेटीत प्रत्येक स्पीकर ३२ ओहमचा आणि आठ समांतर, म्हणून पेटी ४ ओहमची. तिचा आवाज ६० हर्ट्झच्या खाली उतरू लागतो, तरी ४१ हर्ट्झची जाड तार आपल्याला व्यवस्थित ऐकू येते. कारण तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघतात. ते कानावर पडले की मेंदू मूळ सूर स्वतः जुळवून घेतो. बेस ‘स्पष्ट’ ऐकू येण्यासाठी फक्त खोली पुरत नाही, मधले सूरही लागतात, ते यामुळे.

अ‍ॅम्पचे वॅट आणि पेटीचे वॅट

ओहम जुळले, पेटी निवडली, आता वॅट. पेटीचे वॅट म्हणजे ती किती सहन करते, आणि अ‍ॅम्पचे वॅट म्हणजे तो किती देतो. पेटीच्या ओहमवर अ‍ॅम्प जेवढे आरएमएस वॅट देतो, ते पेटीच्या आरएमएस वॅटइतके किंवा दीडपटीपर्यंत असावेत. थोडी शक्ती हाताशी असली की जोरात छेडलेली तारही स्वच्छ वाजते.

लहान अ‍ॅम्प घेतला म्हणजे पेटी सुरक्षित, ही समजूतही पूर्ण खरी नाही. अ‍ॅम्पला त्याच्या क्षमतेपलीकडे ताणलं की सुराच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि गोलसर लाट चौकोनी होते. पूर्ण चौकोनी झालेली लाट मूळ लाटेच्या दुप्पट शक्ती देते, म्हणजे ३०० वॅटचा अ‍ॅम्प ताणला तर ६०० वॅटच्या जवळ जाऊ शकतो. पेटीतला वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, सर्वांत आधी याला बळी पडतो. आवाज फाटायला लागला की तो वाढवायचा नाही, कमी करायचा.

उष्णतेचा हिशेबही इथेच येतो. तांब्याचा अडथळा दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉईल २५ अंशांवरून १५० अंशांवर गेली की ६ ओहमची तार जवळजवळ ९ ओहमची होते. अ‍ॅम्पचं बटण तिथंच असतं, पण आवाज आपोआप बसतो. तासाभराने बेस दबला म्हणून आणखी वाढवला, तर कॉईल आणखी तापते आणि शेवटी जळते. अशा वेळी दोन गाण्यांच्या मध्ये पेटीला विसावा देणं हाच उपाय.

खानदेशात विशेष लक्षात ठेवायच्या गोष्टी

*भोंग्याचं मशीन.* गावातल्या मंडपवाल्याकडे किंवा देवळात बहुधा अहुजासारख्या कंपनीचं सभेचं मशीन असतं. त्याच्या मागे ४, ८, १६ ओहमच्या जोडणीशेजारी ७० आणि १०० व्होल्टच्याही जोडण्या असतात. त्या लांबच लांब तारेवर अनेक भोंगे चालवण्यासाठी आहेत. तिथे प्रत्येक भोंग्याला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो. बेसची पेटी १०० व्होल्टच्या जोडणीला कधीही लावायची नाही. ८ ओहमवर १०० व्होल्ट म्हणजे १२५० वॅटची मागणी, आणि पेटी आणि मशीन दोन्ही त्याच दिवशी संपतील. शिवाय ही मशीनं भाषणासाठी बनवलेली असतात, बेसच्या खालच्या सुरांसाठी नाही.

*उन्हाळा.* जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लग्नाचे मुहूर्तही त्याच महिन्यांत असतात. अ‍ॅम्पमधली उष्णता बाहेर पडायची तर बाहेरची हवा थंड हवी. ती मुळातच तापलेली असेल तर संरक्षण यंत्रणा लवकर जागी होते. अ‍ॅम्प उन्हात ठेवू नये, त्याच्या पंख्यासमोर आणि मागे हातभर जागा मोकळी सोडावी, गाडीवर असेल तर धूळ वेळोवेळी झटकावी. आणि उन्हाळ्यात अ‍ॅम्पला त्याच्या सर्वांत कमी ओहमवर सतत चालवू नये. ८ ओहमवर तो बराच थंड राहतो.

*घुमणारी वीज.* आपली वीज ५० हर्ट्झची असते. बेसच्या जाड तारेवरच्या तिसऱ्या घरातला जी सूर ४९ हर्ट्झचा, म्हणजे विजेच्या घुमण्याला जवळजवळ चिकटलेला. अ‍ॅम्पच्या आतून येणारी १०० हर्ट्झची घरघर मोकळ्या जी तारेच्या ९८ हर्ट्झला चिकटते. त्यामुळे अर्थिंग नीट नसेल तर बेसवाल्याला घरघर आधी ऐकू येते, आणि ती कमी करायला बेस कमी केला की सूरही जातो. तीन पिनांचा सॉकेट आणि खरं अर्थिंग मागून घ्या. घरघर घालवायला अर्थची पिन काढून टाकणं हा जीवघेणा प्रकार आहे, कारण बेसच्या तारांना वादकाचा हात सतत लागलेला असतो.

*मोकळं मैदान.* बंद हॉलमध्ये भिंतींवरून परतणारा आवाज बेसला मदत करतो. खळ्यावर किंवा शाळेच्या मैदानात ती मदत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. ४ मीटरवर जो बेस असतो, तो ३२ मीटरवर १८ डेसिबल कमी होतो, आणि ती तूट अ‍ॅम्पने भरायची तर साठपटीहून जास्त वॅट लागतील. म्हणून मोकळ्यावर बेसचा अ‍ॅम्प मंचावरच्या वादकांसाठी ठेवावा आणि श्रोत्यांसाठी बेस मुख्य साउंड सिस्टिममध्ये द्यावा.

*शेजार.* २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. राहत्या वस्तीसाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. बेसच्या लांब लाटा भिंती सहज ओलांडतात, म्हणून शेजारच्या घरातल्या आजारी माणसाला गाणं ऐकू येत नाही, पण बेसचे ठोके मात्र ऐकू येतात. त्याचा विचार वादकाने स्वतः करावा.

बहुपयोगी अ‍ॅम्प कसा असतो?

आपल्याकडचा वादक एकाच अ‍ॅम्पवर आज ऑर्केस्ट्रा वाजवतो, उद्या अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम करतो, परवा त्यातच कीबोर्ड जोडतो. अशा वापराला पुढच्या गोष्टी लागतात:

- ४ ओहमपर्यंत निर्धास्त चालणारा, म्हणजे ८ ओहमच्या दोन पेट्या जोडता येतील. छोट्या कार्यक्रमाला एक न्यायची, मोठ्याला दोन.
- मधल्या सुरांवर नीट ताबा देणारी बटणं. गर्दीत बेस ऐकू येतो तो मधल्या सुरांमुळे, आणि तेच कमी-जास्त करता आले नाहीत तर बाकी बटणांचा उपयोग होत नाही.
- मुख्य साउंड सिस्टिमकडे जाणारं डीआय आउटपुट. साउंडवाल्याला एकच केबल द्यायची आणि आपला अ‍ॅम्प हवा तसा कमी-जास्त करायचा.
- खालचे निरुपयोगी सूर कापणारा फिल्टर आणि आवाज फुटू न देणारा लिमिटर.
- स्पीकॉन जोडणी, जी फिरवून कुलूपबंद होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी सुटत नाही.
- विजेच्या चढउतारात टिकणारा पुरवठा. जनरेटरवर व्होल्टेज खाली-वर होतं, तेव्हा मोठ्या पट्ट्यात चालणारा अ‍ॅम्प उपयोगी पडतो.

आजकालचे ‘क्लास डी’ प्रकारचे अ‍ॅम्प दोन-तीन किलोचे असतात आणि कमी तापतात. एकट्याने मोटारसायकलवर तालमीला जाणाऱ्यासाठी ते सोयीचे. जुने जड अ‍ॅम्प दुरुस्त करायला मात्र सोपे असतात आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात. आपल्या शहरात दुरुस्ती कोण करतो हे विचारून मगच निवड करावी.

एकाच अ‍ॅम्पमधून कीबोर्डही वाजवायचा असेल तर पेटीत ट्विटर हवा. कीबोर्डचे वरचे सूर फक्त १५ इंची स्पीकरमधून घोंगडी पांघरल्यासारखे निघतात.

दुकानात काय पाहाल?

स्वतःची बेस गिटार घेऊन जा, दुकानातली वापरू नका. ज्या पेटीसोबत अ‍ॅम्प वाजवायचा आहे, तीच पेटी जोडायला सांगा. सगळी बटणं मधोमध ठेवा आणि जाड तारेवर एक-एक घर चढत सावकाश वाजवा. एखाद्या घरात सूर अचानक फुगला किंवा गायब झाला, तर पेटीत किंवा त्या खोलीत दोष आहे. पेटी दुसऱ्या जागी सरकवून पुन्हा तपासा. मग काही न वाजवता आवाज वाढवा आणि घरघर ऐका. पेटीच्या कोनावर चारही बाजूंनी सारख्या जोराने बोटं टेकवून हळूच दाबा. कॉईल घासली तर खरखर ऐकू येते, आणि अशी पेटी घेऊ नये.

पेटीला गिटारची केबल कधीही लावू नका. ती बारीक तारेची आणि आवरणाची असते, स्पीकरकडे जाणारा मोठा प्रवाह तिला पेलत नाही. दिसायला सारखी असली तरी स्पीकरची केबल वेगळी विकत घ्या.

थोडक्यात

| पाहायचा क्रम | काय पाहायचं | नियम |
|---|---|---|
| १ | ओहम | अ‍ॅम्पच्या किमान ओहमपेक्षा पेट्यांचे एकत्र ओहम कमी नसावेत |
| २ | संवेदनशीलता | ३ डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॅटचा फायदा |
| ३ | कोनाचं क्षेत्रफळ आणि पेटीचा प्रकार | लहान, खोल, जोरदार यांपैकी दोनच मिळतात |
| ४ | जोडण्या आणि फिल्टर | डीआय, स्पीकॉन, खालचे सूर कापणारा फिल्टर |
| ५ | वॅट | फक्त आरएमएस, पेटीच्या एक ते दीडपट |

हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. बाजारात वॅट सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि ओहम सर्वांत बारीक अक्षरांत, म्हणून लोक वॅट पाहून पैसे देतात आणि ओहम मशीन जळाल्यावर वाचतात. नवा अ‍ॅम्प घ्यायला निघालेल्या प्रत्येक वादकाला माझं सांगणं एवढंच: आधी पेटी निवडा, तिचे ओहम आणि संवेदनशीलता कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद खिशात ठेवूनच दुकानात जा.